दोनच खुर्च्या

१२ जानेवारी, रविवार

बियाण्याच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी दिली तेव्हा ठरवलं होतं, यात पपईच्या बागेच्या नोंदी ठेवायच्या. अकरा दिवस कोरीच राहिली. आज पहिली नोंद करतोय तीही पपईची नाही. पण हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही आणि पोटात राहण्यासारखंही नाही.

मयूरीचा पुण्याहून फोन आला. आठ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतात, म्हणून लेकीने आम्हाला भेट दिली आहे. दिंडोरीजवळ द्राक्षाच्या मळ्यात खोली, दोन रात्री, खाणंपिणं सगळं तिच्याकडून. "पप्पा, फक्त तुम्ही आणि मम्मी," असं तिने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, वा! इतकी वर्षं गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. 'नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे' हे वाक्य बापाकडून पाठ करून घेतलं, आता त्याच्या पोराकडून घेतोय. पण द्राक्षाचा मळा काही मी आत शिरून पाहिलेला नाही.

मग ती म्हणाली, "तिथे वाइन बनवतात. चव घ्यायलाही देतात."

मी कोरीट गावच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे.

मी तिला प्रेमाने नाही म्हणणारच होतो. रंजिता भाकरी थापत होती. तिने हात पुसले, फोन घेतला आणि मयूरीने पाठवलेला फोटो पाहिला. ओसरी, तिच्यावर वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, समोर वेलींच्या रांगा आणि लांब एक डोंगर. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोंगर नाही, वेली नाही, नेमक्या खुर्च्या मोठ्या केल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी बघतच राहिली.

"दोनच खुर्च्या शेतस," म्हणाली. आणि मग, "आपन जाऊत."

पंचवीस वर्षांत या बाईने 'अमुक ठिकाणी जाऊ' असं एकदाही म्हटलेलं मला आठवत नाही. त्यामुळे जायचं ठरलं. वेताच्या खुर्च्या तिला भलत्याच आवडलेल्या दिसतात.

१३ जानेवारी, सोमवार

नियोजनाला लागलो. जाण्याचा रस्ता सोपा आहे: साक्री, पिंपळनेर, सटाणा, कळवण, वणी, दिंडोरी. अवघड आहे ते गावातून बाहेर पडणं. आमच्याकडे माणूस बॅग घेऊन फाट्यावर उभा राहिला की चार जण थांबून चौकशी करतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाहीत.

शिक्षकांचं प्रशिक्षण सांगावं, तर सोबत बायको कशाला? लग्न सांगावं, तर कुणाचं, हे गावाला आपल्याआधी माहीत असतं. दवाखाना सांगावा, तर केळीचे घड घेऊन लोक भेटायला येतील.

शाळेतून घरी येता येता सुचलं. सप्तशृंगीचा गड! त्याच रस्त्यावर, वणीच्या अलीकडेच. देवीचं नाव घेतलं की कोण कशाला पुढे विचारतंय? संध्याकाळी मायला सांगून टाकलं. माय पंचाहत्तरीची आहे, दात गेले, पण कान अजून शाबूत आहेत. तूर पाखडत होती.

"दोन्हीच?" तिने विचारलं.

"हां, दोन्हीच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चुलीपाशी बसलेल्या रंजिताकडे पाहिलं. "जा बापा. चांगलं शे," म्हणाली आणि परत सूप हलवायला लागली. इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. भूगोलाच्या माणसाला वाट सापडतेच.

१४ जानेवारी, संक्रांत

भूगोलाच्या माणसाला अक्कल नाही.

आपण खान्देशात राहतो हे मी विसरलो. गडावरची देवी इथे घराघराची आई. गडावर कुणी निघालं की गल्लीतल्या प्रत्येकाचा नारळ आणि ओटी त्याच्यासोबत जाते. त्याला नाही म्हणायचं नसतं. तो नारळ माझा नाही, तुझा नाही, देवीचा असतो. सकाळपासून लोक तिळगूळ द्यायला म्हणून आले आणि नारळ ठेवून गेले. संध्याकाळी खाटेखाली पाय सारायला जागा नव्हती.

शेजारच्या गजराबाईने तर साडी, खण, नारळ असं ताट आणलं. तिच्या सुनेचा नवस आहे. "भाऊ, देवीना पायजवळ ठेवजो आन मन्हं नाव सांगजो," म्हणताना तिचे डोळे भरून आले. मी 'हां भाभी' म्हणालो आणि मनातल्या मनात जमिनीत गेलो. नवसाचे नारळ घेऊन मी वाइनच्या गावी चाललोय.

आता खोटं बोलून चालणार नाही. आधी खरोखरच गडावर जायचं, सगळ्यांचे नारळ वाहायचे आणि दुपारनंतर मळ्यात पोचायचं. योजनेत बदल केला आहे.

फक्त एक कळत नाही. मी मायशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

गजराबाई संध्याकाळी परत आली. "नारळ जाईच ऱ्हायना ते मी बी येस," म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत माय बोलली, "ये ना बाई. गाडीच करी ऱ्हायनूत."

कोणती गाडी? आम्ही एसटीने जाणार होतो!

जेवणं झाल्यावर चुडामण आबा आले. आबा माझे चुलत काका आणि व्यसनमुक्ती समितीचे उपाध्यक्ष. लग्नाच्या पंगतीत ते प्रत्येक जावयाला मिठी मारतात, ती मायेने नसते, तोंडाचा वास घ्यायला असते. तेही येणार आहेत. मायने त्यांनाही आपणहून बोलावलं.

सगळे गेल्यावर मायने विचारलं, "दिलवरसिंगनी गाडीमा कितला मानसे मावतस?"

मी म्हटलं, त्याच्या भाड्याच्या जीपमध्ये कंपनीच्या मते दहा, दिलवरसिंगच्या मते पंधरा. माय मान हलवत राहिली, आणि तिचे ओठ पुटपुटत होते. देवाचं नाव घेत असावी.

२१ जानेवारी, मंगळवार

रंजिताला नवी योजना समजावून सांगितली. सगळ्यांसोबत गडावर जायचं. खाली उतरताना मी पोट धरून बसेन. 'मला प्रवास सोसत नाही, तुम्ही व्हा पुढे, आम्ही उद्या येतो' असं सांगेन. ती माझ्या सेवेला थांबेल. गाडी कोरीटला परतेल, आम्ही दोघं दिंडोरीला. पोट कसं धरायचं तेही करून दाखवलं.

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही बिमार पडनात तवयच आपन दोन्ही एकला बसनूत."

विचार केला तर खरं आहे. मला टायफॉइड झाला होता तेव्हा ती आठवडाभर दवाखान्यात माझ्याजवळ होती. त्याआधीचं आठवायला गेलो तर थेट लग्नापाशी पोचलो. लग्नानंतर आम्ही गडावरच गेलो होतो, टेम्पोतून. सोबत अकरा नातेवाईक. रंजिता मागे आत्या-मावश्यांच्यात, मी पुढे ड्रायव्हरजवळ. सटाण्याला चहा प्यायला उतरलो तेव्हा मी तिला लांबून पाहिलं आणि मला वाटलं, ही कोण छान मुलगी आहे? मग लक्षात आलं.

हे तिला कधी सांगितलं नाही. सांगायला एकांत कुठे असतो?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. समितीच्या वतीने माझं भाषण झालं. 'बाटली सोडा, संसार जोडा' या घोषणेला टाळ्या पडल्या. तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण आबांनी माईक घेतला.

"आपला अध्यक्ष गडवर जाई ऱ्हायनात. गावमातली दारू सुटाले पाहिजे म्हनीसन देवीले नवस करतीन!"

टाळ्यांचा कडकडाट. सरपंचांनी हार घातला. दुपारपर्यंत आणखी नारळ आले, त्यातले निम्मे तर ज्यांच्या नवऱ्यांची दारू सुटायला हवी त्या बायांचे. म्हणजे आता हालत अशी: सकाळी मी दारूबंदीचा नवस बोलणार आणि संध्याकाळी वाइनच्या मळ्यात मुक्काम करणार.

बायकांच्या घोळक्यात रंजिता तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. माझी फजिती झाली तरी मला बरं वाटलं, हे नमूद करून ठेवतो.

२८ जानेवारी, मंगळवार

मला एक युक्ती सुचली. रंजिताला त्या खुर्च्या आवडल्यात तर घरीच का नकोत? शाळा सुटल्यावर नंदुरबारला गेलो आणि वेतासारख्या दिसणाऱ्या खुर्च्या घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, सेट फोडता येत नाही, म्हणून सहा आणल्या. अंगणात मांडून तिला बोलावलं.

तिने मोजल्या. "सहा?" म्हणाली.

तेवढ्यात गजराबाई आली, आबा आले, आबांसोबत आणखी दोघं आले. खुर्च्या फार छान आहेत असं सगळे म्हणाले आणि बसले. मायही बसली. रंजिता उभी राहून सगळ्यांना चहा देत होती.

रात्री विचारलं, खुर्च्या पसंत नाहीत का? म्हणाली, "चांगल्या शेतस." मग अंथरूण टाकता टाकता, "सहा शेतस."

या बाईचं मला काही कळत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

तळोद्याहून भिकुबाई आत्याचा फोन. ती, तिची सून आणि नातवंडं गडाला येताहेत. "धनुवहिनीनी फोन करा व्हता ना," म्हणाली. म्हणजे माझी माय आता तालुक्याबाहेरूनही माणसं गोळा करू लागली!

मी मायला जरा आवाज चढवूनच म्हटलं, इतके लोक झाले तर मिनीबस करावी लागेल.

"काय गरज नही. एक गाडीमाच भागी जाई."

"माय, मावणार नाहीत."

"मावतीन तितला मावतीन," ती म्हणाली आणि जपमाळ घेऊन बसली.

मला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मायला गाडी लागते. नंदुरबारपलीकडे ती कित्येक वर्षांत गेलेली नाही. लिंबू नाकाला लावून बसते तरी उलट्या होतात. आणि आता गडाचा घाट चढायला निघाली आहे. म्हातारपणी माणसाची भक्ती वाढते, दुसरं काय?

सायंकाळी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत माय फोनवर मयूरीशी कुजबुजत होती. मी आत गेलो तशी एकदम मोठ्याने म्हणाली, "हां, हां, पापड उन्हमा ठेवजो!" फेब्रुवारीत पुण्याच्या खोलीत मयूरी कसले पापड घालणार?

३ फेब्रुवारी, सोमवार

रंजिता येत नाही म्हणाली.

रागाने नाही. भांडी घासताना, जसं आज भाजी काय करू विचारावं तसं. "तुम्ही सगळा जा. मी घर ऱ्हास. म्हैसनं कोन देखी?"

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चला, एक जागा वाढली. तो इथे लिहून ठेवतोय, कारण लिहिताना त्याची लाज वाटली. इतका वेळ वाटत नव्हती.

रात्री मळ्याचा पत्ता पाहायला तिचा फोन घेतला तर तो फोटो त्यात नव्हता. काढून टाकला, म्हणाली, फोन भरला होता. तिच्या फोनमध्ये तिच्या चारही भावांचे रोजचे सुप्रभात आहेत. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, मागच्या दिवाळीचे दिवे, सगळं जसंच्या तसं. तिने त्यातलं एकही पुसलेलं नाही. पुसला तो खुर्च्यांचा फोटो.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पंचवीस वर्षांत तिने एक गोष्ट मागितली आणि मी तिच्याभोवती गाव जमा केला. मग लक्षात आलं, जमा मी नाही केला, मायने केला. पण मी एकदाही 'नको' म्हणालो नाही, हेही तितकंच खरं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मायला सांगितलं, सगळं रद्द.

माय भडकली. "नवसना नारळ घरमा ठेवस का? तू काई रद्द करू नको. गप बस." मी गप बसलो. बावन्न वर्षांचा माणूस, हायस्कुलाचा शिक्षक, दोन संस्थांवर पदाधिकारी, आणि गप बसलो.

मयूरीला फोन केला. खोली सोडून दे, मम्मी येत नाही म्हणतेय. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही काही करू नका. प्लीज, काहीच करू नका." आजकाल घरात मला सगळे हेच सांगतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बारीकसारीक. मायने पेटीतली तिची चांगली शाल काढून रंजिताला दिली. "रातले तठे थंडी ऱ्हास," म्हणाली. रंजिता म्हणाली, पण मी येणारच नाही. माय म्हणाली, "राहू दे तरी." शिवाय गडावरून रात्रीच्या आत सगळे परतणार आहेत, मग शाल कशाला? म्हातारीचं हल्ली भान सुटत चाललंय. मला काळजी वाटते.

आपला सालदार वाहरू गोठ्यात येऊन म्हशीला खाजवत उभा होता. माय त्याला काही सांगत होती. मी विचारलं तर म्हणाली, "म्हैसले देखाले उना."

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

हे एसटीत लिहितोय, अक्षराला क्षमा असावी.

पहाटे दिलवरसिंग गाडी घेऊन दारात आला. टपावर नारळांची पोती बांधली. पुढे माय, हातात लिंबू. मागे गजराबाई, तिची सून, भिकुबाई आत्या, आत्याची सून, नातवंडं, आबा, आबांच्या ओळखीचे कुणीतरी, आणि ज्यांना मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं अशा दोन बाया. मी समितीचा हार गळ्यात घालून उभा. सगळे बसले. मी पाय टाकायला गेलो तर जागा नाही.

"सरका थोडं," मी म्हटलं.

"कथा सरकू? पोरगाना जीव जाई," आत्या म्हणाली.

दिलवरसिंगने टप सुचवला. माझ्या डोक्यात सणक गेली. ही सहल माझी, योजना माझी, सुट्टी मी मंजूर करून घेतली, पोट कसं धरायचं ते मी बसवलं, आणि मलाच जागा नाही! मायकडे गेलो.

"माय, मी कुठे बसू?"

"जागा सरनी," माय शांतपणे म्हणाली. "तू आन रंजिता मांगून यष्टीमा या."

"रंजिता येत नाहीये. म्हैस..."

"म्हैसले वाहरू शे. मी त्याले आठ दिन पयलेच सांगी ठेयेल शे." मग तिने दाराकडे पाहून हाक मारली, "रंजिता! साडी बदली ले. तुन्ही बॅग मी भरेल शे. पेटीमांगे शे."

रंजिता दारात झाडू घेऊन उभी होती. झाडू तिच्या हातातून पडला.

मी म्हटलं, पण गजराबाईचा नवस, गावाचा नवस, हे सगळं मी कबूल केलंय. माय म्हणाली, "मी कसाले जाई ऱ्हायनू मंग? सगळासनं नाव माले पाठ शे." आणि तिने मला खिडकीपाशी वाकायला लावलं. वाटलं, आशीर्वाद देणार. कानात म्हणाली, "ते द्राक्षनं पानी जास्त पिऊ नको. तुले पित्तना तरास शे."

गाडी निघून गेली. मी हार घातलेला, रस्त्यात उभा. धूळ बसली तरी हललो नाही.

मायला कसं कळलं, कधी कळलं? रंजिताने शपथ घेऊन सांगितलं की ती बोलली नाही. पण ती हे हसत हसत सांगत होती, त्यामुळे शपथेचा काही भरवसा नाही.

आता साक्री गेलं. रंजिता खिडकीशी आहे, मायची शाल मांडीवर. दोघांचीच सीट आहे. एसटीत दोघांची सीट असते हे इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही?

त्याच दिवशी, दुपार

सटाण्याला गाडी थांबली. मी भजी आणायला उतरलो आणि सवयीने आठ पुड्या घेऊन आलो. रंजिताने मोजल्या आणि इतकी हसली की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले. उरलेल्या पुड्या त्यांनाच दिल्या.

त्याच ठिकाणी, पंचवीस वर्षांपूर्वी, चहाच्या गाड्यापाशी ती छान मुलगी कोण, असं मला वाटलं होतं, ते आज तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंग सांगं का नही?" मी म्हटलं, तू मागे होतीस, मी पुढे होतो.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

पोचलो. फोटोत होतं तसंच आहे सगळं. वेली, डोंगर, ओसरी. वेली बघताना ठिबकच्या नळ्या कुठल्या आहेत ते मी तपासत होतो. रंजिता सरळ ओसरीवर गेली, डाव्या खुर्चीत बसली, चपला काढल्या आणि पाय वर घेतले. अंगणातल्या सहा खुर्च्यांवर मी तिला एकदाही बसलेलं पाहिलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

तिथल्या माणसाने दोन पेल्यांत लाल वाइन आणून ठेवली. मी त्याला सांगितलं की मी अध्यक्ष आहे. कशाचा ते सांगितलं नाही. त्याने 'वेलकम सर' म्हटलं. बराच विचार केला. समितीच्या ठरावात देशी, विदेशी आणि हातभट्टी असे शब्द आहेत, वाइनचा उल्लेख नाही. तो ठराव मीच लिहिला होता, त्यामुळे चूक माझीच. एक घोट घेतला. लहानपणी खोकल्याचं औषध मिळायचं, त्यात कुणी चिंच कोळली असावी, असा. रंजिताने नुसता वास घेतला, नाक मुरडलं आणि विचारलं, "च्या भेटी का?" चहा मिळाला. पेले तसेच टेबलावर आहेत. उतरत्या उन्हात त्यांचा रंग मात्र छान दिसतो.

मग ती काहीच बोलेना. अर्धा तास झाला असेल. मला वाटलं, काही चुकलं. विचारलं, राग आलाय का?

"नही. नुसती बसेल शे."

"मग बोलत का नाहीस?"

"कोन्ही च्या मांगी नही ऱ्हायनं," ती म्हणाली. "आयकी ऱ्हायनू."

मीही ऐकलं. खरंच, कुणी काही मागत नव्हतं.

तेवढ्यात गडावरून मायचा फोन आला. दर्शन झालं, नारळ वाहिले, गजराबाईच्या सुनेची ओटी भरली, गावाचा नवस मायने स्वतः बोलला. उलट्या दोनच झाल्या. मागून आबांचा आवाज येत होता, "अध्यक्ष, पोट कसं शे? जिरानं पानी पी!" मायने त्यांना सांगितलं होतं की योगूचं, म्हणजे माझं, पोट दुखलं म्हणून तो एसटीतून वाटेतच उतरला. पोटाची योजना मी फक्त रंजिताला सांगितली होती.

मी रंजिताकडे पाहिलं. तिने डोंगराकडे पाहिलं.

मग तिने फोन घेतला आणि म्हणाली, "माय, आठे लई चांगलं शे. पुढला साल तुम्ही बी या."

फोन मोठ्याने लावलेला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. माय म्हणाली, "मी कसाले? तठे दोनच खुर्च्या शेतस ना."

मायनेही तो फोटो पाहिला होता. बहुतेक माझ्याआधी. आणि खुर्च्या मोजल्या होत्या.

फोन ठेवून रंजिता पदराने डोळे पुसत होती. मी आत आलो, वही घेतली आणि पलंगावर बसून लिहायला लागलो, कारण मलाही काहीतरी झालं होतं. नाना, माझे वडील, जाऊन नऊ वर्षं झाली. नाना आणि माय कधी दोघंच कुठे गेले होते का, ते आठवून पाहतोय. बाजार आठवतो, लग्नं आठवतात, गड आठवतो, प्रत्येक ठिकाणी आम्ही सगळे आहोत. ते दोघंच एका जागी बसलेले काही केल्या आठवत नाहीत. मायने आज आपल्यासोबत गाडीभर माणसं नेली ती का, हे मला कळायला इतके दिवस लागावेत याची शरम वाटते, आणि तिला आत्ता समोर बसवून तिचे पाय दाबावेत असं वाटतं.

बाहेरून रंजिताची हाक येतेय. "ओ, लिखनं ऱ्हाऊ द्या. एक खुर्ची खाली शे."

जातो.